एक मार्ग, एक करार : आजरा तालुक्यातील शैक्षणिक प्रवासखर्चाचे विवेचन

१. विषय आणि व्याप्ती

शाळेचा खर्च म्हटला की पगार, इमारत, फळा-खडू आठवतो. प्रवास आठवत नाही, कारण जमाखर्चात तो एका जागी दिसत नाही. मुलांचा रोजचा प्रवास पालकांच्या खिशातून होतो. सवलतीचा भार राज्य शासन एसटी महामंडळाला भरून देते. सहलीची वर्गणी वेगळी जमते. स्पर्धेला जाणाऱ्या संघाच्या गाडीचे भाडे कधी संस्था देते, कधी क्रीडाशिक्षक पदरचे घालतो. मुख्याध्यापकांचा प्रवासभत्ता आणखी एका लेखाशीर्षाखाली पडतो. पाच ठिकाणी विखुरलेला खर्च कोणालाच मोठा वाटत नाही, म्हणून तो कमी करण्याची जबाबदारीही कोणाची राहत नाही.

हे विवेचन कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुका समोर ठेवून केले आहे. ‘सार्वजनिक संस्था’ या शब्दांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा, खासगी शिक्षणसंस्थांच्या अनुदानित माध्यमिक शाळा आणि अनुदानित महाविद्यालये या तिन्ही धरल्या आहेत. ‘सामायिक करार’ म्हणजे दोन किंवा अधिक संस्थांनी आपली प्रवासाची गरज एकत्र मांडून वाहतूकदाराशी मार्ग, वेळ, दर आणि जबाबदारी यांबाबत केलेला एकच लेखी करार.

असा करार सुचवणारे सहसा एकजुटीने दर पाडून घेण्याचा फायदा सांगतात. तो फायदा खरा असला तरी लहान आहे. मोठी बचत संस्थांनी आपापली वेळापत्रके, मार्ग आणि तारखा एकमेकींशी जुळवण्यातून होते, आणि करार हे ती जुळवणी टिकवण्याचे साधन आहे. शिवाय रोजच्या प्रवासासाठी या कराराचा पहिला वाटेकरी एसटी असायला हवी. खासगी गाडी तिच्यानंतर. पुढील मांडणी या दोन विधानांची आहे.

२. तालुक्याची ठेवण

हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावून आजऱ्याजवळून पूर्वेकडे जाते. पश्चिमेचा पट्टा, म्हणजे गवसे, सुळेरान, घाटकरवाडी, किटवडे ही बाजू, जंगलाचा आणि धो-धो पावसाचा. वस्ती वाड्यांमध्ये विखुरलेली, त्यापलीकडे धनगरवाडे. उत्तूरसारखी मोठी बाजाराची गावे मोजकीच. संकेश्वर-बांदा हा राष्ट्रीय महामार्ग गडहिंग्लज, आजरा आणि आंबोली यांना जोडतो. या मार्गावरच्या गावांना वाहनांची वानवा नाही. फाट्यापासून आत चार-सहा किलोमीटर असलेल्या वाडीला आहे.

शिक्षणाची रचनाही अशीच उतरंडीची आहे. प्राथमिक शाळा गावात, माध्यमिक शाळा मोठ्या गावात, कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय आजऱ्यात, पुढचे काही विषय गडहिंग्लजला आणि विद्यापीठ कोल्हापुरात. इयत्ता वाढते तसे अंतर वाढते. शिक्षणहक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतरात शाळा असावी, असे ठरवले आहे. नववीपासून असे अंतराचे बंधन नाही आणि नेमका तिथूनच मुलांचा प्रवास लांबतो. पावसाळ्यातली संध्याकाळ, अधूनमधून हत्ती आणि गव्यांचा वावर, सुटलेली शेवटची गाडी यांचा भार सर्वांत आधी मुलींच्या शिक्षणावर पडतो.

३. प्रवासाचे तीन वर्ग

एकाच करारात सगळा प्रवास कोंबणे ही पहिली चूक ठरेल, कारण प्रवासाची जात एक नाही.

(अ) नित्य प्रवास : विद्यार्थ्यांचे रोजचे येणे-जाणे. दिवस, वेळ, मार्ग आणि जवळपास संख्याही आधी माहीत असते. वर्षाच्या एकूण प्रवासात याचाच वाटा मोठा.

(आ) प्रासंगिक प्रवास : सहली, तालुका-जिल्हा-विभाग पातळीवरील क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, शिष्यवृत्ती परीक्षेचे केंद्र. तारखा वर्षाच्या सुरुवातीला अंदाजे कळतात. संख्या शेवटी ठरते.

(इ) कार्यालयीन प्रवास आणि मालवाहतूक : पंचायत समितीतील बैठका, प्रशिक्षणे, पाठ्यपुस्तके तालुक्यावरून केंद्रशाळेत आणि तिथून गावोगावी पोचवणे.

प्रत्येक वर्गाला वेगळा करार शोभतो. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांची ने-आण मात्र कोणत्याच सामायिक व्यवस्थेत घेऊ नये. तिथे गोपनीयता खर्चाहून मोठी.

४. खर्च घडतो कसा

गाडीचा खर्च दोन भागांत मोडतो. स्थिर खर्च म्हणजे गाडीचा हप्ता, विमा, परवाना, योग्यता प्रमाणपत्र, चालकाचा पगार. गाडी उभी असली तरी तो चालूच राहतो. चल खर्च म्हणजे डिझेल, टायर, दुरुस्ती. तो किलोमीटरगणिक वाढतो. एसटीच्या आगारात आणखी दोन गोष्टी मोजतात. पहिली भारमान, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी किती भरली. दुसरी रिकामे किलोमीटर, म्हणजे प्रवासी आणायला किंवा सोडून परतताना गाडी मोकळी धावते ते अंतर.

शाळेच्या वाहतुकीत या चारही बाबी प्रतिकूल असतात. सकाळी सगळी मुले एकाच दिशेने येतात, संध्याकाळी उलट दिशेने जातात. म्हणून अर्धे अंतर रिकामे. सगळ्या शाळांची घंटा साडेदहा-अकराच्या सुमारास होते. म्हणून सगळ्यांना गाडी त्याच अर्ध्या तासात हवी आणि उरलेला दिवस ती उभी. प्रत्येक संस्था आपली गाडी वेगळी ठरवते. म्हणून एकाच रस्त्यावर तीन अर्ध्या रिकाम्या गाड्या एकामागे एक धावतात.

कोल्हापूर जिल्ह्याने हा पेच दुधात केव्हाच सोडवला आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’च्या पद्धतीत प्रत्येक गावची दूध संस्था आपला ट्रक घेऊन कोल्हापूरला जात नाही. मार्ग आखलेला असतो, गाडी कोणत्या गावी किती वाजता येणार ते ठरलेले असते आणि वाहतुकीचा ठेका त्या मार्गाचा असतो. ठेका मार्गाचा आहे, गावाचा नाही, या एका गोष्टीत त्या व्यवस्थेचे बळ आहे.

५. एक नमुना हिशेब

पुढील आकडे उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. दर बदलले तरी त्यांचे आपसातले नाते बदलत नाही.

समजा, आजरा गावातील तीन संस्थांची एकाच मार्गावरील १२, १४ आणि १० अशी एकूण ३६ मुले आहेत. प्रत्येक संस्थेने छोटी गाडी स्वतंत्र ठरवली. स्थिर खर्च दरमहा ३०,००० रुपये, चल खर्च किलोमीटरला १२ रुपये, एका बाजूचे अंतर १५ किलोमीटर. सकाळी रिकामी जाऊन भरून येणे आणि संध्याकाळी भरून जाऊन रिकामी परतणे, असे दिवसाला ६० किलोमीटर. महिन्याचे २४ दिवस धरले तर १,४४० किलोमीटर आणि १७,२८० रुपये. एका गाडीचा खर्च ४७,२८० रुपये, तिन्हींचा १,४१,८४० रुपये. दर विद्यार्थी ३,९४० रुपये. यात ९०,००० रुपये, म्हणजे सुमारे ६३ टक्के, केवळ स्थिर खर्चाचे आहेत. भाडे घासाघीस करून प्रतिकिलोमीटर एक रुपयाने कमी केले तरी तिघांचे मिळून ४,३२० रुपयेच वाचतात.

पहिली पायरी, एकत्र गाडी : चाळीस आसनांची एक बस. स्थिर खर्च ५५,००० रुपये, चल खर्च किलोमीटरला २२ रुपये, वाड्यांचा फेरा धरून एका बाजूचे अंतर २० किलोमीटर. दिवसाला ८० किलोमीटर, महिन्याला १,९२०. एकूण ९७,२४० रुपये. दर विद्यार्थी सुमारे २,७०१. बचत ४४,६०० रुपये, म्हणजे ३१ टक्के.

दुसरी पायरी, मुक्कामी गाडी : बस रात्री शेवटच्या गावी थांबली तर सकाळचा रिकामा जाण्याचा आणि संध्याकाळचा रिकामा परतण्याचा फेरा संपतो. महिन्याचे ९६० किलोमीटर वाचतात. चालकाच्या मुक्कामासाठी ३,००० रुपये धरूनही एकूण खर्च ७९,१२० रुपयांवर येतो; दर विद्यार्थी सुमारे २,१९८. ही युक्ती नवी नाही. मुक्कामी एसटी गावागावांत वर्षानुवर्षे थांबत आली आहे.

तिसरी पायरी, घंटांचे अंतर : कनिष्ठ महाविद्यालय सकाळी लवकर आणि हायस्कूल साडेदहाला भरत असेल, तर तीच बस तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या मार्गावर आणखी ३६ मुलांना आणू शकते. दुसऱ्या फेरीचा चल खर्च ४२,२४० रुपये वाढतो, स्थिर खर्च तोच राहतो. एकूण १,२१,३६०, ७२ विद्यार्थ्यांत दरडोई सुमारे १,६८६ रुपये.

३,९४० वरून १,६८६ पर्यंतच्या या उतरणीत दरावर घासाघीस केलेली नाही. मार्ग एकत्र केला, रिकामे अंतर कमी केले, घंटा पुढेमागे केली. त्याला एक मर्यादाही आहे. कामगार कायद्याप्रमाणे चालकाचे रोजचे काम साधारणपणे ८ तासांचे असावे लागते आणि विश्रांती धरून कामाच्या पसाऱ्यालाही मर्यादा असते. पहाटेची पहिली फेरी आणि संध्याकाळची शेवटची फेरी यांचे गणित या चौकटीत बसले पाहिजे. न बसल्यास दुसरा चालक, आणि त्याचा खर्च हिशेबात.

६. एसटीला आधी का विचारावे

आजऱ्यात एसटीचे आगार आहे. विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास मोफत. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला करते. एखाद्या मुलीला एसटीतून काढून ठेक्याच्या जीपमध्ये बसवले, की पालकांसाठी शून्य असलेला खर्च शेकडो रुपयांवर जातो आणि शासनाची भरपाईही हातची निसटते. कागदावर किफायतशीर दिसणारा खासगी करार इथेच फसतो.

समग्र शिक्षा योजनेत दूरच्या वस्तीतील मुलांसाठी वर्षाला प्रतिविद्यार्थी ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक साहाय्याची तरतूद आहे. वरच्या हिशेबातील मुक्कामी बसचा दहा महिन्यांचा दरडोई खर्च सुमारे २२,००० रुपये होतो. म्हणजे सामायिक करूनही खासगी गाडीच्या खर्चाचा जेमतेम २७ टक्के भाग या अनुदानातून निघेल. उरलेला भार पालकांवर पडणार असेल तर बचत झाली असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण गावाचे. विद्यार्थी हा ग्रामीण फेरीचा खात्रीचा प्रवासी. तो काढून घेतला की भारमान घसरते, फेरी बंद पडते, आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी, बाजाराला निघालेला शेतकरी वडापच्या, म्हणजे खासगी जीपच्या, भरवशावर राहतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी संपात फेरी नसलेले गाव म्हणजे काय, हे ग्रामीण महाराष्ट्राने अनुभवले आहे. शाळेने आपल्यापुरती सोय करून गावाची गैरसोय करणे हे सार्वजनिक संस्थेला शोभणारे नाही.

एसटीबरोबर शाळांसाठी सामुदायिक व्यवस्था होऊ शकते, याचा दाखला राज्यातच आहे. मानव विकास कार्यक्रम २०११ पासून २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत विस्तारला. त्यात मुलींना गावातून शाळेत नेण्यासाठी दर तालुक्याला आधी पाच आणि पुढे सात बस देण्यात आल्या. पैसा नियोजन विभागाचा, गाडी चालवणार एसटी, वेळ शाळेची, अशी ती त्रिपक्षीय रचना आहे. वेळापत्रक शाळेच्या घंटेवरून ठरते, हे तिचे महत्त्वाचे सूत्र. जिथे ही योजना नाही, तिथेही हे सूत्र वापरायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

७. कराराचे तीन नमुने

नित्य प्रवासासाठी फेरी-हमी करार. तालुक्यातील संस्था मिळून आगाराला मार्गनिहाय पासधारकांची संख्या आणि घंटेच्या वेळा देतात. आगार त्या फेऱ्या शैक्षणिक वर्षभर ठरल्या वेळी चालवण्याचे मान्य करते. इथे संस्थांना पैसे द्यायचे नसतात. त्या देतात ती मागणीची खात्री. एकटी शाळा बारा पासांसाठी अर्ज करते तेव्हा तो अर्ज फायलीत राहतो. तीन संस्थांनी एका मार्गावरच्या पासांची एकत्र यादी दिली की ती फेरीच्या भारमानाचा हिशेब बनते. अलीकडे पास शाळेतच देण्याचा उपक्रम महामंडळाने सुरू केला असल्याने ही माहिती जूनमध्येच गोळा होते. ती मार्गनिहाय मांडण्याचे काम उरते.

जिथे मोठी बस चढत नाही त्या वाड्या-धनगरवाड्यांसाठी जोडगाडी करार. वाडीपासून फाट्यापर्यंत छोटी परवानाधारक गाडी आणि फाट्यावरून एसटी. अंतर चार-सहा किलोमीटरचे राहिल्याने समग्र शिक्षेच्या मर्यादेत खर्च बसण्याची शक्यता वाढते. फाट्यावर दोन्ही गाड्यांच्या वेळा जुळणे हाच या कराराचा प्राण. जिथे रस्ता बरा आहे तिथे सायकलचाही विचार व्हावा. बिहारने २००६ मध्ये सुरू केलेल्या सायकल योजनेचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला. माध्यमिक शाळेतील मुलींची वयानुरूप पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. आजऱ्याचे चढ-उतार आणि पाऊस पाहता सायकल सगळीकडे चालणार नाही, पण सपाट पट्ट्यात ती सर्वांत स्वस्त आहे.

प्रासंगिक प्रवासासाठी वार्षिक दर करार. एसटी प्रासंगिक कराराने गाडी देते आणि शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. जिल्हा स्पर्धेसाठी पाच शाळांचे प्रत्येकी आठ-दहा खेळाडू पाच वेगळ्या जीपनी कोल्हापूरला जातात, तेव्हा एका बसचे प्रवासी ८०-९० किलोमीटरवर पाच गाड्यांत विभागले जातात. सर्व शाळांनी वर्षाचे क्रीडा आणि सहल वेळापत्रक एका तक्त्यात मांडले तर एकत्र गाडी सुचते, आणि सहलींची डिसेंबर-जानेवारीतील झुंबड थोडी पसरवता येते. कार्यालयीन प्रवासाचेही तसेच. बैठक आणि पुस्तकवाटप एकाच दिवशी ठेवले की केंद्राची एक खेप कमी होते; त्यासाठी कराराचीही गरज नाही, पंचायत समितीच्या एका पत्रकात ते होते.

मोठ्या प्रमाणावरचा दर करार कसा चालतो, याचे उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. २००७ साली सुरू झालेल्या ‘कामिन्यु दा एस्कोला’ कार्यक्रमात केंद्रीय संस्था शालेय बसचा नमुना ठरवून राष्ट्रीय निविदेने दर नोंदवते आणि नगरपालिका त्या दराने बस घेतात. छोट्या गावाला निविदा काढण्याचे कौशल्य लागत नाही, भाव मात्र मोठ्या खरेदीदाराचा मिळतो. तिथली वस्तू बस आहे, आपली फेरी. म्हणून दर वर ठरला तरी मार्ग तालुक्यातच ठरावा लागेल.

८. कायदा आणि कर

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘शैक्षणिक संस्थेची बस’ ही व्याख्या संस्थेच्या मालकीच्या आणि त्याच संस्थेच्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीची आहे. त्यामुळे एका संस्थेने आपली बस घेऊन शेजारच्या संस्थेची मुले भाड्याने नेणे या चौकटीत बसत नाही. सामायिक व्यवस्थेसाठी योग्य परवाना असलेला वाहतूकदारच हवा. याच कायद्याने मॅक्सी कॅब चालकाशिवाय १२ प्रवाशांपर्यंत मर्यादित आहे. वडापमध्ये दाटीवाटीने बसवलेली वीस मुले स्वस्त पडतात, ती विम्याचे संरक्षण आणि सुरक्षितता गहाण ठेवून.

शालेय बसबाबत राज्याचे २०११ चे नियम आहेत. पिवळा रंग, वेगनियंत्रक, महिला मदतनीस आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती ही त्यांची मुख्य अंगे. सामायिक करारात या समित्यांची मार्गनिहाय संयुक्त समिती करणे सोयीचे. गाडीची तपासणी प्रत्येक शाळेने वेगळी करण्याऐवजी एकदाच, पण नीट होईल.

कराचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वस्तू व सेवा करात बारावीपर्यंतच्या शैक्षणिक संस्थेला पुरवलेली विद्यार्थी-कर्मचारी वाहतूक करमुक्त आहे; वरिष्ठ महाविद्यालयाला ही सूट नाही. हायस्कूल आणि महाविद्यालय यांचा एकत्र करार केला आणि देयक एकच आले, तर करमुक्त भागावरही कर लागण्याचा वाद उभा राहू शकतो. उपाय सोपा आहे : करार एक, देयके संस्थानिहाय वेगळी.

खरेदीच्या बाजूने दरपत्रके, निविदा, तुलनात्मक तक्ता हे सोपस्कार एकदाच करावे लागतात, हा लाभही लहान नाही. २०१६ पासून चालू असलेल्या ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेवर वाहन भाड्याने घेण्याची सोय आहे. दोन शिक्षकी शाळेला ती वापरणे अवघड. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने किंवा एखाद्या महाविद्यालयाने सर्वांच्या वतीने समन्वयक म्हणून काम केल्यास शक्य.

९. करारात काय लिहावे

दर प्रतिकिलोमीटर न ठरवता दोन भागांत ठरवावा : ठरावीक मासिक रक्कम आणि धावलेल्या किलोमीटरची रक्कम. खर्चाची घडणच तशी आहे. निव्वळ किलोमीटरच्या दरात वाहतूकदार सुट्ट्यांचा धोका आधीच दरात चढवतो. निव्वळ मासिक रकमेत लांबचा फेरा टाळण्याकडे कल होतो.

जून २०१७ पासून डिझेलचा भाव रोज बदलू शकतो. म्हणून ठरलेल्या मूळ भावापेक्षा विशिष्ट टक्क्यांहून जास्त फरक पडला तरच चल भाग वर-खाली होईल, असे कलम हवे. ते नसले की ठेकेदार वर्षाच्या मध्यात गाडी थांबवतो किंवा सुरुवातीलाच जादा दर लावतो.

किलोमीटरची पडताळणी गाडीतील स्थानदर्शक यंत्राच्या नोंदीवरून व्हावी. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना ते आवश्यक आहे. उशिराला दंड आणि न आलेल्या गाडीच्या बदल्यात पर्यायी गाडी हे लिहिलेले असावे. एसटीच्या बाबतीत गणपती, आषाढी अशा दिवसांत जादा गाड्या सोडल्या जातात आणि ग्रामीण फेऱ्यांना कात्री लागते. त्या तारखा आधीच माहीत असतात, तेव्हा कोणत्या फेऱ्या हलवायच्या नाहीत हे कराराबरोबर जोडावे. अतिवृष्टीत रस्ता बंद झाल्यास पैसे किती, हे आजऱ्यासारख्या ठिकाणी अपवादाचे कलम नाही. दर पावसाळ्यात लागणारे आहे.

१०. खर्चाची वाटणी

सामायिक व्यवस्था बहुधा दरावर मोडत नाही, वाटणीवर मोडते. वरच्या उदाहरणातील मुक्कामी बसचे ७९,१२० रुपये घ्या. समजा, शेवटच्या गावची १० मुले २० किलोमीटर, मधल्या गावची १४ मुले १५ किलोमीटर आणि जवळच्या गावची १२ मुले ८ किलोमीटर येतात.

समान वाटणीत सर्वांना २,१९८ रुपये. जवळच्या गावच्या पालकांना हे पटत नाही. निव्वळ अंतरानुसार वाटले तर एकूण ५०६ आसन-किलोमीटर होतात. शेवटच्या गावच्या मुलाला सुमारे ३,१२७ आणि जवळच्याला १,२५१ रुपये. हिशेब चोख, पण सर्वांत दूरच्या मुलावर सर्वांत जास्त बोजा.

तिसरा मार्ग खर्चाच्या स्वरूपाला धरून आहे. मुक्काम धरून स्थिर खर्च ५८,००० रुपये सर्वांत समान, चल खर्च २१,१२० रुपये अंतरानुसार. मग शेवटचे गाव २,४४६, मधले २,२३७, जवळचे १,९४५ रुपये. दूरच्याला अंतराची झळ थोडी, जवळच्याला स्वतंत्र गाडीपेक्षा अर्ध्याने स्वस्त. प्रत्येक संस्थेचा हिस्सा तिच्या मुलांच्या गावांवरून आपोआप निघतो. वाटणीचे सूत्र कराराला जोडलेले असावे, तोंडी ठेवू नये.

११. आक्षेप

पहिला आक्षेप स्थानिक वाहनधारकांचा : मोठा करार मोठ्या ठेकेदाराकडे जाईल आणि गावातला जीपवाला मरेल. तो रास्त आहे. म्हणून करार तालुक्याचा असला तरी ठेका मार्गनिहाय द्यावा. जोडगाडीचे मार्ग छोट्या वाहनधारकांना मिळतील असे मुद्दाम आखावेत. परवाना आणि विमा मात्र सक्तीचा.

दुसरा आक्षेप संस्थांचा : घंटा आमची, ती दुसऱ्याच्या सोयीने का हलवायची? घंटा हलवण्याची खरी किंमत आहे. शिक्षकांच्या तासिका, घरची शेतीची कामे, पावसाळ्यातला अंधार हे सगळे पाहावे लागते. पण वीस-तीस मिनिटांचा बदल फेरीच्या वेळेशी जुळत असेल, तर उशिरा येणाऱ्या मुलांचे बुडणारे पहिले तास वाचतात, आणि तो लाभ संस्थेचाच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. स्वस्त वाहतुकीची सोय झाली की लहान शाळा बंद करायला निमित्त मिळेल. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवली गेली. सहा-सात वर्षांच्या मुलाला घाटरस्त्याने गाडीत घालणे आणि सोळा वर्षांच्या मुलीला महाविद्यालयात पोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय बंद झालेली शाळा परत उघडत नाही, करार मात्र वर्षाने संपू शकतो. म्हणून सामायिक करार आधीच प्रवास करणाऱ्या मुलांसाठी असावा; नवा प्रवास लादण्यासाठी नव्हे. हे कलमही करारात लिहिलेले बरे.

१२. निष्कर्ष

आजऱ्यात सुरुवात करायला नवे अनुदान लागत नाही. मे महिन्यात प्रत्येक संस्थेने तीन गोष्टींचा एक तक्ता द्यावा : मुलांची गावे, घंटेच्या वेळा आणि वर्षातील स्पर्धा-सहलींच्या तारखा. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने तो मार्गनिहाय एकत्र करून शाळा उघडण्यापूर्वी आगारासमोर ठेवावा. एसटी जिथे पोचते तिथे फेरी-हमी, जिथे पोचत नाही तिथे जोडगाडी, प्रसंगासाठी दर करार. पहिल्या वर्षी दोन-तीन मार्ग पुरेत.

यश मोजताना मात्र वाचलेल्या रुपयांवर थांबू नये. प्रत्येक मार्गासाठी तीन आकडे ठेवावेत : दर आसन-किलोमीटर खर्च, वेळेवर आलेल्या फेऱ्यांचे प्रमाण आणि गाडी न मिळाल्याने गैरहजर राहिलेली मुले. पहिला आकडा घसरून तिसरा वाढत असेल तर ती बचत मुलांच्या शिक्षणातून कापून घेतलेली आहे आणि तो मार्ग पुन्हा आखला पाहिजे. तिन्ही आकडे दर वर्षी मे महिन्यात नव्या तक्त्यासोबत सर्व संस्थांसमोर मांडले, तर पुढच्या वर्षीचा करार अंदाजावर नव्हे, हिशेबावर होईल.